विमानतळाच्या कानावर गेलेलं हळदीकुंकू

मोबाईल हे यंत्र बायकांच्या वाईटावर असलेल्या कुणा पुरुषानं काढलं असणार, याबद्दल सुमित्राबाईंच्या मनात शंका नव्हती. एक तर ती काच. जन्मभर भाकऱ्या थापून आणि भांडी घासून ज्यांच्या बोटांवरच्या रेघा पुसून गेल्या, त्यांची बोटं त्या काचेला ओळखूच येत नाहीत. नातीनं नुसती फुंकर घातली तरी फोन जागा होतो, आजीनं दाबलं तर मेल्याचं सोंग घेतो. दुसरं म्हणजे त्यातला तो महिला मंडळाचा ग्रुप. तिथे बोलायचं नाही, लिहायचं. चौथीत शाळा सुटलेल्या बाईची एक ओळ लिहून होईतो बाकीच्यांची दुपारची झोप होऊन जाते. बरं, सरळ फोन लावावा, तर मंडळातल्या कल्पनाताई आपलंच घोडं पुढे दामटतात. दोघी एकदम बोलतात आणि कोणीच ऐकत नाही. सुमित्राबाईंना ऐकून घेणारं माणूस हवं होतं. बोलणारं माणूस त्या स्वतः होत्याच.

त्यातून दिल्लीच्या द्वारकेतला डिसेंबर. धुकं असं की समोरच्या ब्लॉकमध्ये कोण कुणाशी भांडतंय ते ऐकू यायचं पण दिसायचं नाही, आणि नुसतं ऐकण्यात काय मजा. सून रुचिरा सकाळी गुडगावच्या ऑफिसला निघताना मोबाईलमध्ये हवेचा आकडा बघायची आणि फर्मान सोडायची, "आई, आज बाहेर बिल्कुल नाही. हवा सिव्हिअर आहे." हवेला आकडा असतो हेच सुमित्राबाईंना मान्य नव्हतं. ताप मोजतात, सोनं तोलतात. हवा मोजायला लागले म्हणजे उद्या सुनेचं हसूही मोजायला लागतील. पण खालच्या गार्डलाही रुचिरानं फितवून ठेवलं होतं. "माताजी, मैडम ने मना किया है," म्हणून तो गेटात आडवा व्हायचा. ज्या बाईपुढे आजवर सासूसुद्धा आडवी झाली नव्हती, तिच्यापुढे.

अशा वेळी शेजारच्या फ्लॅटमधले अण्णासाहेब धावून आले. अण्णासाहेब केंद्र सरकारातून निवृत्त झाले होते. कुठल्या मंत्रालयातून ते कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं, पण सगळ्या मंत्रालयांतलं त्यांना ठाऊक असायचं. बोलता बोलता ते पानिपतावर पोचायचे. दिल्लीतल्या मराठी माणसाला ते जवळच पडतं.

"वहिनी, तुम्हाला वॉकी-टॉकी पाहिजे," ते म्हणाले. "पोलिसांच्या हातात असतो तो ठोकळा. एकच बटण. दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. ऑनलाइन मिळतो. पानिपतावर आपल्या लोकांकडे अशी एक जोडी असती ना, तर आज ही सोसायटी आपली असती."

"आणि मी बटण सोडलंच नाही तर?"

"तर बाकीच्यांना बोलताच येत नाही."

सुमित्राबाईंनी हात जोडले. हे यंत्र ज्यानं काढलं त्याची आई हयात असेल तर तिला साडी-चोळी धाडावी, असं त्यांना मनापासून वाटलं.

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार तोंडावर आला होता. त्या दिवशी वाण म्हणून कुणी प्लॅस्टिकचे डबे देतं, कुणी भाजीच्या पिशव्या देतं. त्या पिशव्या घराघरांतून फिरून शेवटी देणारणीकडेच परत येतात. सुमित्राबाईंनी यंदा मैत्रिणींना ठोकळे लुटले. हळदीकुंकू लावलं, ओटी भरली, आणि तांदळांवर ठोकळा ठेवला. महिला मंडळ थक्क. कल्पनाताईंचे यजमान सुधाकरराव बायकोला न्यायला आले होते, त्यांनी दारातूनच विचारलं, "याला लायसन-बियसन लागत नाही ना?"

"खेळणं आहे हो ते," अण्णासाहेब जिन्यातून म्हणाले. "डब्यावर लहान मुलाचं चित्र आहे."

एवढ्या सज्जड पुराव्यापुढे सुधाकरराव गप्प बसले. सुधन्वाला, म्हणजे सुमित्राबाईंच्या मुलाला, यातलं काही सांगायचं राहूनच गेलं. तो घरात असायचाच कुठे. आणि रुचिराला सांगावं, तर तिनं ठोकळ्यातूनही काहीतरी आकडा काढला असता. म्हणून ठोकळा देवघरात, कुंकवाच्या करंड्यामागे राहिला.

पहिले काही दिवस स्वर्ग होता. रोज दुपारची जेवणं उरकली की सुमित्राबाई देवघरापाशी पाट घेऊन बसायच्या, बटण दाबायच्या आणि मनातलं सगळं बोलून झाल्यावर "हां, बोल" म्हणून बटण सोडायच्या. तोवर पलीकडचीचं बोलणं शिळं झालेलं असायचं. पण सुख म्हटलं की त्याला पाय फुटतात. पलीकडच्या सेक्टरातल्या कल्पनाताईंचा आवाज तुटायला लागला. "काल अर्ध्यातच थांबलात," त्या म्हणाल्या. सुमित्राबाईंना हे लागलं. त्या अर्ध्यात कधीच थांबल्या नव्हत्या.

अण्णासाहेबांनी निदान केलं, "उंची कमी पडतेय. गच्चीवर टाकीपासून एक तार खेचू."

तारेसाठी सोसायटीचे अध्यक्ष चड्ढाजी यांची गाठ घ्यावी लागली. चड्ढाजी म्हणाले, "आंटीजी, छत पे तार लगानी है तो कमेटी का एनओसी चाहिए." कमिटी म्हणाली, आधी वरच्या मजल्यावाल्यांचं लिहून आणा. वरचे म्हणाले, आमचं आणि चड्ढाजींचं बोलणं बंद आहे. सुमित्राबाई पुन्हा चड्ढाजींकडे आल्या आणि म्हणाल्या, "और कपडे सुखाने की तार हो तो?"

"उसके लिए काहे का एनओसी, आंटीजी."

तर अशी ती कपडे वाळत घालायची तार झाली. सरकारात राहिलेल्या माणसाला कागद आणि वस्तू यांचा मेळ लागतो, म्हणून अण्णासाहेबांनी तिच्यावर स्वतःचा एक लेंगा वाळत घातला आणि तो कायमचाच तिथे ठेवला.

तारेनं कल्पनाताई स्वच्छ ऐकू यायला लागल्या. मग सुमित्राबाईंना आठवण झाली की आपली मावसबहीण पार तिकडे हिंदूरावच्या बाजूला राहते आणि तिला एक ठोकळा पाठवला होता, तो मुका पडलाय. हिंदूराव म्हणजे दिल्लीचं दुसरं टोक. अण्णासाहेबांना आता चेव चढला होता. ते जुन्या दिल्लीतल्या बिजलीच्या बाजारात गेले आणि आवाज लांब फेकणारी एक काळी पेटी घेऊन आले. पेटीला पंखा होता, म्हणून ती देवघरामागे दडवली. ती लावली की घरातले दिवे किंचित मान खाली घालायचे. पण मावसबहीण बोलली. "अगं बाई, तू जिवंत आहेस," हे तिचं पहिलं वाक्य.

आता थोडं सुधन्वाविषयी. सुधन्वा विमानतळावर इंजिनिअर होता, पण विमानं दुरुस्त करणारा नव्हे. विमानं आकाशात एकमेकांना धडकू नयेत म्हणून खालून जी यंत्रं त्यांच्याशी बोलतात आणि त्यांच्यावर नजर ठेवतात, ती यंत्रं त्याच्याकडे. ती सगळी जुनी यंत्रं बदलायचं काम चाललं होतं. एकदा जेवताना त्यानं आईला समजावून सांगितलं होतं, "आता विमान आपण कुठे आहोत ते उपग्रहाला विचारतं आणि स्वतःच आपल्याला कळवतं."

सुमित्राबाईंचा घास हातातच राहिला. "म्हणजे आजवर तुम्ही अंदाजानं उतरवत होतात?"

"नाही गं, रडार होतं. आहे. हे त्याहून अचूक. आणि वैमानिकांचं बोलणं ऐकायला नवे सेट आणलेत. फार तल्लख कान आहेत त्यांचे. सध्या काम जुन्यावरच चालतं, नवे नुसते शेजारी बसून ऐकतात. महिनाभर नीट ऐकलं की पास."

त्याच्या जेवणात मात्र लक्ष नव्हतं. नवे सेट त्याच्याच आग्रहानं आले होते. त्याचे वरिष्ठ सभरवालसाहेब जुन्याच्या बाजूचे. नवीन यंत्र धुक्यात बहिरं होतं, असं ते मीटिंगमध्ये चारदा बोलून चुकले होते. जानेवारीच्या अखेरीस तपासणी होती. खोट निघाली तर सेट परत जाणार आणि सुधन्वा दिब्रुगडला.

दिब्रुगड कुठे ते सुमित्राबाईंनी नातीला नकाशात दाखवायला लावलं. तिचं बोट सरकत सरकत नकाशाच्या कडेला गेलं तेव्हा त्यांनी तिचं मनगट धरून मागे ओढलं. एकुलता एक मुलगा, आणि तोही नकाशातून खाली पडायच्या बेताला. त्या दिवशी दुपारी त्यांनी ठोकळ्यावर सभरवालसाहेबांचा जो उद्धार केला, त्यात त्यांच्या मागच्या-पुढच्या पिढ्या सापडल्या.

दोन दिवसांनी सुधन्वा पडलेल्या चेहऱ्यानं घरी आला. नव्या सेटवर दुपारी काहीतरी चमत्कारिक यायला लागलं होतं. कोंबडी आणि मिक्सर एकत्र लावल्यासारखं. जुना सेट नुसता खरखरत होता, नवा मात्र ते कान लावून ऐकत होता आणि तपासणीच्या कागदावर लाल खूण करत होता. सभरवालसाहेब नुसते हसले होते. सभरवालसाहेबांचं हसणं सुधन्वाला शिव्यांपेक्षा वाईट लागायचं.

"नजर लागलीय त्या यंत्राला," सुमित्राबाई म्हणाल्या. "खांबाला लिंबू-मिरची बांध."

"आई, तो सरकारी अँटेना आहे."

"मग सरकारी लिंबू बांध."

पण त्यांचं मन थाऱ्यावर नव्हतं. दुसऱ्या दिवशी जेवणं होताच त्यांनी बटण दाबलं आणि झाला प्रकार कल्पनाताईंच्या कानावर घातला, मग हिंदूरावला घातला, मग ज्यांच्या ज्यांच्या ओटीत ठोकळा पडला होता त्या सगळ्यांना घातला. त्या दिवशी विमानतळावरचा आवाज दुप्पट झाला. संध्याकाळी सुधन्वानं ते सांगितलं, तेव्हा सुमित्राबाईंनी ही ताजी बातमीही दुसऱ्या दिवशी सविस्तर पोचवली. आवाज आणखी वाढला. मैत्रिणी तोडगे सांगायला लागल्या. कुणी शनिवार धरायला सांगितला, कुणी सभरवालसाहेबांच्या बायकोला हळदीकुंकवाला बोलवायला सांगितलं. प्रत्येक तोडग्यासरशी विमानतळावर एक लाल खूण वाढत होती. सुधन्वाचं जेवण तुटलं. सुमित्राबाई देवापुढे बसून म्हणायच्या, जो कुणी माझ्या लेकाच्या मुळावर उठलाय त्याचं वाटोळं होऊ दे. करंड्यामागून ठोकळा ते ऐकत असायचा.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी घरी हळदीकुंकू होतं. बैठकीत बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, काळ्या साड्यांनी खोली भरून गेली होती, आणि रुचिरा तिळाच्या वड्यांचं ताट फिरवत होती. तेवढ्यात सुधन्वा आत आला. मागोमाग उंचेपुरे सभरवालसाहेब, आणि त्यांच्या मागे कोट घातलेली, सरकारी वायरलेस खात्यातली एक मॅडम, हातात लॅपटॉप. हळदीकुंकवात पुरुष, आणि तेही बुटांसकट. सुमित्राबाईंची नजर बुटांवरून हलेना.

"आई, सॉरी, पण फार महत्त्वाचं आहे," सुधन्वा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत किती दिवसांनी आशा दिसत होती. "आवाज कुठून येतो ते शोधणारी गाडी फिरत होती. ती आपल्याच सोसायटीपाशी येऊन थांबलीय. मॅडमनी रेकॉर्डिंग साफ केलंय. कुणीतरी बाई बोलतेय. मी अजून ऐकलं नाही, पण साहेबांना म्हटलं, माझी आई या सोसायटीतला प्रत्येक आवाज ओळखते."

सभरवालसाहेब कोपऱ्यातल्या खुर्चीवर टेकले. आल्या पाहुण्याला तसंच कसं ठेवायचं, म्हणून रुचिरानं त्यांच्या हातावर वडी ठेवली. त्यांनी ती तोंडात टाकली आणि त्यानंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

मॅडमनी कळ दाबली.

"...सुनेच्या वड्या ना? एक पदराला बांधून ठेवलीय. चोर आला तर डोक्यात घालायला होईल. हां, बोल."

आवाज फाटका आणि चिरका होता. ठसका लागला की थांबायचा आणि पुन्हा त्याच जोमानं निघायचा. कल्पनाताईंनी छताकडे पाहिलं. दोघीतिघींनी पदर तोंडात कोंबले. सुधन्वाचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"मॅडम, बस, बंद कर दीजिए," तो म्हणाला.

"थांब," सुमित्राबाई म्हणाल्या. "ऐकू दे."

त्यांना काही म्हणता काही ओळखू येईना. आपला आवाज माणसाला आतून ऐकू येतो, आणि आतून सुमित्राबाईंचा आवाज मंजुळ होता. शब्दांचं म्हणाल, तर दिवसाला एवढं बोलणारी बाई मागचं लक्षात ठेवत बसली, तर पुढचं बोलणार कधी.

"...मुलगा माझा भोळा सांब. साहेबापुढे नंदीबैलासारखी मान हलवतो. आणि तो सभरवाल? घरात कुकर असून पातेल्यात भात करणारा माणूस. शिट्टीला भितो, शिट्टीला..."

सुमित्राबाईंचा पारा चढला. "कोण ही भवानी? ऐंशीच्या पुढची असणार, घसा बघा कसा गंजलाय. चारचौघींत पोटच्या पोराला नंदीबैल म्हणते. बायकांनो, आपण असं बोलतो का कधी?"

बायकांना एकदम आपापल्या बांगड्या मोजाव्याशा वाटल्या.

"आणि सुनेच्या वड्यांना नावं ठेवते. माझी सून बघा. एवढ्या थंडीत गुडगावहून दमून येते, उभ्या उभ्या पाक करते. होत असतील थोड्या कडक. दातांना व्यायाम होतो. मी आजवर अवाक्षर काढलंय?"

रुचिरानं ताट खाली ठेवलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. हसू की रडू, ते सांगता येत नव्हतं. सुमित्राबाई पुढे काही बोलणार, तोच लॅपटॉपमधून दुसरा आवाज आला. दमलेला, पण ओळखीचा.

"सुमित्रावहिनी, तुमचं झालं असेल तर मी बोलू का?"

खोलीत इतकी शांतता झाली की देवघरामागच्या पेटीचा पंखा ऐकू आला.

सुमित्राबाईंनी कल्पनाताईंकडे पाहिलं. कल्पनाताईंनी छतावरून नजर काढली नाही. मग त्यांनी मुलाकडे पाहिलं. तो नजरेनं फरशीत भोक पाडत होता. मॅडमनी हिंदीत विचारलं, "माताजी, आप इस औरत को पहचानती हैं?"

सुमित्राबाईंनी आता तो गंजलेला घसा ओळखला होता. नाही म्हणणं सोपं होतं. एकजात सगळ्या बायका गप्प बसल्या असत्या, कारण प्रत्येकीच्या घरी एक ठोकळा होता. मुलगा तोंड उघडणार नव्हता. साहेबांच्या तोंडात वडी होती. पण नाही म्हटलं की ही माणसं हात हलवत परत जाणार, सेटची खोट सेटच्याच नावावर राहणार, आणि पोरगा नकाशाच्या त्या टोकाला. हो म्हटलं तर दिल्लीतल्या अख्ख्या मराठी समाजात आयुष्यभरासाठी एक नवं नाव पडणार. ज्या बाईनं जन्मात कुणाची माफी मागितली नव्हती, तिनं पदर खोचला आणि ती देवघरात गेली. करंडा बाजूला केला, ठोकळा आणला आणि मॅडमच्या हातात ठेवला. ठोकळ्याला हळदीकुंकू लागलेलं होतं.

"पहचानती हूँ," त्या म्हणाल्या. "बहुत बिगडी हुई औरत है. मैं ही हूँ. लडके को कुछ मालूम नहीं था, उसको कुछ मत बोलना."

मॅडम गच्चीवर जाऊन आल्या. येताना त्यांच्या हातात तार होती आणि तारेला लेंगा. "ये किसका है?" त्यांनी विचारलं. जिन्यात उभे असलेले अण्णासाहेब त्या क्षणी आत गेले आणि त्यांनी दाराला कडी लावली. मॅडमनी पेटी ताब्यात घेतली, बाकीचे ठोकळे सोमवारपर्यंत आणून द्यायला सांगितले, पुन्हा असं झालं तर पोलीस येतील अशी समज दिली. कल्पनाताई हळूच म्हणाल्या, "मी तर तो बंदच ठेवायचे." त्यांच्याकडे कोणीच पाहिलं नाही.

सभरवालसाहेबांनी शेवटी वडी गिळली. घोटभर पाणी प्यायले.

"माताजी, मराठी नहीं आती, पर मेरा नाम सुना मैंने. क्या कह रही थीं आप?"

"कुछ नहीं सर, आपकी तारीफ," सुधन्वा घाईनं म्हणाला.

"तू गप रे. यह झूठ बोलता है," सुमित्राबाई म्हणाल्या. आता बुडालेलंच होतं, तर अर्धं कशाला बुडवायचं. "मैंने बोला कि आप सीटी से डरते हैं. घर में नया कुकर है, फिर भी पतीले में चावल पकाते हैं."

सुधन्वानं डोळे मिटून घेतले. सभरवालसाहेबांनी रुमालानं तोंड पुसलं.

"मेरी मिसेज़ भी यही कहती हैं," ते म्हणाले. मग मॅडमकडे वळून, "पुराने सेट पे क्या आया था?"

"सिर्फ़ खरखर, सर."

"और नए पे पूरा का पूरा? इस कोहरे में? चावल, पतीला, सब कुछ?"

"एक-एक शब्द, सर."

"तो रिपोर्ट में लिखिए," सभरवालसाहेब उठत म्हणाले, आणि त्यांचा आवाज हरल्यासारखा नव्हता, नुसता हबकल्यासारखा होता, "शोर बाहर का था, मिल गया, हटा दिया. सेट में कोई खोट नहीं. सुधन्वा, सोमवार को साइन कर देंगे." दारात ते थांबले. हात जोडून सुमित्राबाईंना म्हणाले, "पर माताजी, प्लीज़, साइन होने तक घर में भी ज़रा धीरे."

पाहुणे गेले, बायका गेल्या. एरवी ज्या बायका दारात उभ्या राहून आणखी तासभर बोलायच्या, त्या आज चपला हातात घेऊनच जिना उतरल्या. सुधन्वा आतल्या खोलीत जाऊन पलंगावर उताणा पडला होता आणि किती दिवसांनी हसत होता. भिंतीतून ऐकू येत होतं. बैठकीत फक्त सासू आणि सून उरल्या. रुचिरा सतरंजी झटकत होती. सुमित्राबाई कोचाच्या कडेला बसल्या होत्या, हात मांडीवर, कुणाच्या तरी लग्नात जेवणावळीतून उठवल्यासारख्या.

"रुचिरा."

"काय आई?"

"मी खरंच अशी बोलते?"

रुचिरानं सतरंजीची घडी घातली, ती काखेत धरली आणि प्रामाणिकपणे विचार केला.

"नाही आई," ती म्हणाली. "त्यांनी आवाज बराच साफ करून आणला होता."

सुमित्राबाई सुनेकडे बघतच राहिल्या. इतक्या वर्षांत या मुलीनं उलट उत्तर म्हणून दिलेलं नव्हतं, आणि दिलं तेही असं, की त्याला जोड म्हणून त्या घराण्यात एकच तोंड होतं. ओठांवर आलेलं काहीतरी त्यांनी परत फिरवलं, शेजारच्या ताटातली एक वडी उचलली, दाढेखाली धरली, आणि ती फुटेपर्यंत काही बोलल्या नाहीत.